मंगळवारी सर्व्हर वाढवणाऱ्या ताई

सर्व्हरच्या पत्र्यावर हाताचा तळवा टेकवायचा, लेकराचा ताप बघतात तसा. क्षणभर डोळे मिटायचे. मग खोलीबाहेर जमलेल्या आम्हा सगळ्यांकडे वळून खणखणीत आवाजात म्हणायचं, "चला रं, वाढवूया!" दर मंगळवारी सकाळी, लाईट जायच्या आधी, ताईंचं हे चालायचं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही असंच.

वाढवूया म्हणजे बंद करूया. तुमच्या घरात कुणी जुनं माणूस असेल तर हे सांगायची गरज नाही. दिवा विझवायचा नसतो, वाढवायचा असतो. बांगडी फुटत नाही, वाढते. आणि बाजारातला दुकानदार रात्री दुकान बंद करत नाही, वाढवतो. ताईंच्या वडिलांचं दहिवलीला किराणा दुकान होतं. शाळा सुटली की ताई तिथेच, गुळाच्या ढेपांशेजारी बसून अभ्यास करायच्या. "'बंद' बोलायचं नाय आमच्या दुकानात," त्या सांगायच्या. "बोललं की बा असे डोळे वटारायचा!" पुढे त्या इंजिनीयर झाल्या, मुंबईत मोठ्या कंपनीत राहिल्या, कंटाळून परत आल्या आणि आमच्या विद्यापीठाच्या आवारातल्या संगणकांच्या जाळ्याच्या प्रमुख झाल्या. पण 'बंद' काही त्यांच्या तोंडी बसला नाही. कुणी 'शटडाऊन' म्हटलं तर त्यांचा चेहरा असा व्हायचा की समोरच्यालाच आपण काहीतरी वंगाळ बोललो असं वाटावं.

आमचं आवार कर्जत आणि खालापूर यांच्या मधल्या माळावर. मुख्य कार्यालय मुंबईत, आम्ही इकडे डोंगराच्या पायथ्याशी. वीज कंपनीचा आमच्याकडचा दुरुस्तीचा वार मंगळवार. सकाळी दहाच्या सुमारास लाईट जाणार, दुपार कलली की येणार. घरात लाईट गेली तर माणूस पंख्याकडे बघून चार शब्द सुनावतो आणि ओट्यावर जाऊन बसतो. सर्व्हरचं तसं नसतं. तो सतत काहीतरी लिहीत असतो. लिहिताना कुणी हात ओढला तर अक्षर अर्धवट राहतं, तसं त्याचं होतं. आणि त्या खोलीत आसपासच्या सगळ्या कॉलेजांचे निकाल, ग्रंथालयाची पुस्तकं, पोरांचे प्रबंध, आमचे पगार, सगळं एका जागी.

आता तुम्ही म्हणाल, बॅटऱ्या नव्हत्या का? होत्या की! पण म्हाताऱ्या झाल्या होत्या. चहाला उकळी येईपर्यंत दम धरायच्या, मग टीं टीं करून माना टाकायच्या. जनरेटरही होता. त्याची गंमत अशी, की तो सुरू करायला त्याची स्वतःची बॅटरी भरलेली असावी लागे, आणि ती भरायला लाईट लागे. "आमचा जनरेटर लय संस्कारी हाय," ताई म्हणायच्या. "लाईट असली तरच अंधारात मदत करतो."

मी परीक्षा विभागातला कारकून. ताई मात्र मला मास्तर म्हणायच्या. मी एकदा विचारलं, "ताई, मी कुठे शिकवतो? मास्तर का म्हणता?" त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझं तोंड बघ ना. सगळ्या वर्गानं गृहपाठ केला नाय असं कायम." मी किरकिऱ्या आहे हे मला मान्य आहे, पण इतकं उघड दिसतं हे माहीत नव्हतं.

वाढवण्याचा एक क्रम होता, आणि तो मोडणाऱ्याची खैर नसे. आधी लेकरं, मग कर्ती माणसं, शेवटी म्हातारा. लेकरं म्हणजे आमच्या टेबलांवरचे संगणक. कर्ती माणसं म्हणजे खोलीतले मोठे सर्व्हर, निकालांचा, ग्रंथालयाचा, पगाराचा. आणि म्हातारा म्हणजे कोपऱ्यातलं एक काळं धूड. कोण कुठला, कुणाचा पासवर्ड काय, कुणाला कुठल्या दारातून आत सोडायचं, हे सगळं फक्त त्याला ठाऊक. लाईट आली की उलटा क्रम. आधी म्हातारा, मग कर्ती, मग लेकरं. "म्हातारा उठल्याबिगर लेकरं उठवलीस तर ती विचारणार कोणाला, आपण कोण म्हणून?" हे मला त्यांनी इतक्यांदा ऐकवलं, की आता घरी आजोबा उठायच्या आधी नातवंडं उठली तरी मला चुकल्यासारखं वाटतं.

आणि लाईट आली म्हणून लगेच लावायचं नाही. पहिली लाईट उसळत येते, परत जाते, परत येते. ताई कंबरेवर हात ठेवून छताच्या पंख्याकडे बघत उभ्या राहायच्या. आम्ही चुळबुळ करायचो. "ताई, आली की लाईट!" "आली नं, मंग बसू दे तिला. दारातच कामाला लावतोस? जरा पाणीबिणी पिऊ दे." पंखा एकसारखा फिरायला लागला, की मगच मान हलायची.

सकाळी त्या सगळ्या विभागांमधून ओरडत फिरायच्या. "जतन करा रं, जतन करा! वाढवायची वेळ झाली!" बहुतेक जण निमूट उठत. पदार्थविज्ञानाचे एक सर मात्र खुर्ची सोडत नसत. एका मंगळवारी ताई त्यांच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि पडद्यावरचं मोठ्यांदा वाचायला लागल्या. "नेरळ स्टेशनपासून चालत अंतरावर, प्रशस्त बाल्कनी, डोंगराचा नजारा… अय्या सर, घर घेताय? पेढे कुठं हायत?" शेजारच्या खोलीतून लोक पेढ्यांसाठी धावले. त्यानंतर सरांचं लेकरू सगळ्यांच्या आधी झोपायला लागलं.

लाईट गेल्यावर मात्र मजा. काम कुणालाच करता येत नसे, आणि आत उकडायचं. सगळे संगणकखोलीच्या मागच्या पायऱ्यांवर. एरवी एकमेकांना ईमेल पाठवून भांडणारी माणसं शेजारी शेजारी बसून करवंदं खायची. इतिहासाच्या मॅडम मटार सोलायला घेऊन यायच्या आणि आम्हालाही बसवायच्या. रसायनशास्त्राचे सर गायचे, आणि त्यांना थांबवायला लाईटच यावी लागे. ताई मधोमध. कुणाची तरी टिंगल चाललेली, कुणाच्या तरी डब्यातलं कालवण चाखणं चाललेलं. तांदळाच्या भाकरीवर सुकटीची चटणी ठेवून त्या हातात द्यायच्या, आणि आपण नको म्हटलं तर म्हणायच्या, "खा रं, मार्क कापणार नाय मी." खरं सांगतो, नोकरीतल्या इतर वारांचं मला फारसं आठवत नाही. मंगळवार आठवतात.

या सगळ्या सुखात मुंबईहून बातमी आली. मुख्य कार्यालयात कुणीतरी म्हणालं होतं, की जिथे दर आठवड्याला लाईट जाते तिथे सर्व्हर ठेवणं हा वेडेपणा आहे. खोली काढून टाका, यंत्रं मुंबईला आणा. म्हणजे ताईंनीही मुंबईला जायचं, कुठल्या तरी मजल्यावरच्या टेबलाशी बसायचं, किंवा इथेच राहून हजेरी बघायची. ज्या बाईने या माळावर उन्हात उभं राहून एकेक तार टाकून घेतली होती, भातशेतीच्या बांधावरून केबल नेताना शेतकऱ्यांना "भाऊ, नांगर जरा जपून" म्हणून हात जोडले होते, तिने हजेरी बघायची!

मुंबईचा युक्तिवाद चूक नव्हता, हेही सांगायला हवं. पण ताईंचाही चूक नव्हता. "लेकरं हितं नि म्हातारा मुंबईला," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यात मधली तार तुटली तर? लाईट असून आंधळी बसणार सगळी." एवढं बोलून त्या गप्प झाल्या. मी त्यांना तोपर्यंत गप्प बसलेलं पाहिलंच नव्हतं. मला भीती वाटली. उद्या ही खोली गेली तर आपण कुठे येऊन बसायचं, हा स्वार्थी विचारही मनात आला, तो लपवत नाही.

निर्णय एका नव्या साहेबांकडे होता. तरुण होते, हुशार होते, मराठीच होते. पण शिक्षण सगळं इंग्रजी शाळेत, त्यामुळे त्यांचं मराठी इस्त्री केलेलं, कुठे एक सुरकुती नाही. एका दुपारी त्यांचा ताईंना फोन आला. ताईंचे दोन्ही हात तारांमध्ये, म्हणून फोन टेबलावर आणि आवाज सगळ्यांना ऐकू येतोय. मी चहा घेऊन बसलो होतो.

"मॅडम, मंगळवारी आपल्याकडे वीज नसते. मग आपण सर्व्हरचं नेमकं काय करता?"

"काय करणार साहेब? वाढवतो."

"वाढवता?"

"हां. लाईट जायच्या आधी."

"दर मंगळवारी?"

"एक मंगळवार चुकवला नाय आजवर."

"आणि… साधारण किती वाढवता?"

ताईंनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. "किती म्हंजे? सगळे!"

"याला मान्यता कोणाची असते?"

"मान्यता कसली साहेब? मी हाक मारते, सगळे मिळून वाढवतात. शिपायापास्नं प्राचार्यांपर्यंत कोण मागं राहत नाय."

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला. "मी येत्या मंगळवारी स्वतः येतो."

"या ना! आमच्यासंगं वाढवा तुमीपण!"

फोन ठेवल्यावर ताईंचा चेहरा उजळला होता. "बघितलंस? केवढं कौतुक वाटलं त्यांना. किती वाढवता, विचारत होते." मला मात्र काहीतरी खटकत होतं. साहेबांचा सूर कौतुकाचा नव्हता, पोलिसाचा होता. मी तसं म्हणालो. "तू मास्तर," ताई म्हणाल्या, "तुला सगळीकडं नापासच दिसतात." आणि त्या पोपटीच्या, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायच्या, तयारीला लागल्या. थंडीचे दिवस होते, वालाच्या शेंगा भरल्या होत्या. साहेब येतायत, लाईट नसणार, मग मागच्या माळावर पोपटी लावायची, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. ज्या माणसाच्या हातात खोलीचा जीव, त्याला शेंगा खाऊ घालायच्या! मी कपाळाला हात लावला.

मंगळवारी साहेब शिळफाट्याकडून गाडीने आले, ते सगळ्यांच्या आधी. बरोबर भांडार विभागाचे एक गृहस्थ होते. ते आल्या आल्या संगणकखोलीत शिरले आणि एकेका यंत्राकडे बोट करत ओठ हलवायला लागले. कपाटामागे डोकावले. टेबलाखाली वाकले. ताई कौतुकाने बघत होत्या.

"मॅडम," साहेब म्हणाले, "वाढवलेले कुठे आहेत?"

"अजून कुठं वाढवलेत साहेब? दहाला वाढवायचे."

"म्हणजे आजही वाढवणार? माझ्यासमोर?"

"मंग! तुमच्यासाठीच तर थांबलोय."

साहेबांचे कान लाल झाले. "पण मॅडम, हे येतात कुठून?"

"कोण?"

"हे वाढवलेले सर्व्हर!"

भांडारवाले गृहस्थ टेबलाखालून बाहेर आले. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साहेबांना वाटत होतं, की ही बाई दर मंगळवारी कुणाला न विचारता नवे सर्व्हर आणून लावते, गावाला बरोबर घेऊन! सगळे! वर्षानुवर्षं! मला हसू फुटलं, ते दाबता दाबता ठसका लागला. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. सबस्टेशनातला वायरमन होता. तिथली सगळी पोरं ताईंना आत्या म्हणतात.

"आत्या, आज आताच घेतो हां लाईट. वरल्या पाड्याकडं फांदी टेकलीय तारेवर, थांबता येत नाय."

"थांब रं जरा—" ताई म्हणाल्या, आणि ट्यूबलाईट गेली. बॅटऱ्यांनी टीं टीं सुरू केलं.

मग जे झालं ते मी आजही डोळ्यांसमोर आणू शकतो. ताईंनी एकच आरोळी ठोकली. "वाढवा रं! लेकरं आधी!" आवारभर पायांचे आवाज. इतिहासाच्या मॅडम साडी खोचून ग्रंथालयाकडे पळाल्या. मी परीक्षा विभागाकडे धावलो, आणि माझ्या मागे भांडारवाले गृहस्थ, का ते त्यांनाही माहीत नसावं. परत आलो तर साहेब खोलीच्या मध्यभागी उभे, आणि ताई कीबोर्डवर वाकलेल्या.

"साहेब, नुस्ते उभे काय राहता? कोपऱ्यातल्या त्या दोघांच्या वायरी भिंतीतून काढा. झोपलेत ते. लाईट येताना झटका बसायला नको."

साहेब वाकले. वाकता वाकता थांबले. "म्हणजे… वाढवणे म्हणजे बंद करणे?"

"हो साहेब," मी म्हणालो.

"मग तसं म्हणायचं ना!"

"बोलायचं नसतं," ताई मान वर न करता म्हणाल्या. "हात चालवा."

आणि साहेबांनी हात चालवले. कोट खुर्चीवर टाकला, गुडघ्यांवर बसले आणि एकेक वायर काढून नीट गुंडाळून ठेवायला लागले. कर्ती माणसं एकेक करून निजली. टीं टीं जवळजवळ यायला लागलं. उरला म्हातारा. त्याच्या पडद्यावर एक पांढरं चाक गरगर फिरत होतं, आणि तो काही आटपेना. मी म्हणालो, "ताई, दाबून टाका ना बटण!" "म्हाताऱ्या माणसाला घाई करायची नाय," त्या म्हणाल्या, पण ओढणीचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं. टीं टीं टीं. चाक फिरतंय. मग पडदा काळा झाला, आणि पाठोपाठ बॅटऱ्या गपगार पडल्या. साहेबांच्या कपाळावर भर थंडीत घाम होता. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि ते इतक्या जोरात हसले, की दारातला शिपाई दचकला.

मग पोपटी लागली. मडक्यात शेंगा, अंडी, बटाटे, वर खाली भांबुर्डीचा पाला, मडकं उपडं ठेवून भोवती सुक्या पेंढ्याचा जाळ. धूर वाऱ्याने खिडकीतून संगणकखोलीत गेला आणि आतला आगीचा भोंगा बोंबलायला लागला. आख्ख्या आवारात तेवढ्या एकाच यंत्राची बॅटरी ठणठणीत निघाली. रसायनशास्त्राच्या सरांनी त्याच्या सुरात गाणं धरलं. भांडारवाले गृहस्थ शेंगांवर जे बसले ते उठायला तयार नाहीत.

साहेब बोटं चोखत ताईंशेजारी पायरीवर बसले होते. जरा वेळाने म्हणाले, "मॅडम, तुमच्यापासून लपवत नाही. खोली हलवायचं जवळपास ठरलंय. आज लाईट आल्यावर सगळं जसंच्या तसं उभं राहिलं, तर मला वर जाऊन बोलता येईल. एखादा जरी अडला, तर मग माझ्याकडे बोलायला काही राहणार नाही."

"उठतील," ताई म्हणाल्या. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

लाईट आली. गेली. परत आली. ताई पंख्याखाली उभ्या, आम्ही दारात. पंखा स्थिर झाला. ताईंनी म्हाताऱ्याचं बटण दाबलं.

काही नाही.

परत दाबलं. दिवा नाही, आवाज नाही. ताईंनी मागची बाजू उघडली, विजेरी पेटवली, आत पाहिलं. आतले भाग दाबून बघितले. सगळं जागच्या जागी होतं. ताईंनी त्या काळ्या धुडाच्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाल्या, "उठ रं बाबा. आज नको असं करू." मी खिडकीबाहेर बघायला लागलो, कारण माझ्याच्याने बघवेना. एवढ्या वर्षांचा संसार एका बटणाशी येऊन थांबला होता.

मागून कुणीतरी खाकरलं. साहेब होते.

"ताई," ते म्हणाले. मॅडम नाही, ताई. "त्याचा… कपाटामागचा, खालच्या पेटीत घातलेला एक प्लग होता, लाल पट्टीचा. तो काढायचा नव्हता का?"

ताई वळल्या. "तो? तो बॅटरीचा. तो कधीच काढायचा नसतो."

"मी काढला. तो निजल्यावर, बाकीच्यांसारखाच."

"तुमी?"

"तुम्ही म्हणालात, हात चालवा."

ती गुंडाळलेली वायर कपाटामागे नीट, घडी घालून ठेवलेली सापडली. म्हाताऱ्याचा प्लग काढायची वेळच येत नसे, म्हणून तिथे बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. साहेबांनी स्वतः आडवं पडून, शर्टाला जाळी-जळमटं लावून घेत तो परत बसवला. बटण दाबलं. घूं करून पंखे सुरू झाले आणि आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ताई हसायला लागल्या ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "साहेब, आमच्या म्हाताऱ्याला तुमीच जास्त वाढवलात!" मग कर्ती उठली, मग लेकरं. परीक्षा विभागातून कुणीतरी ओरडलं, "आला! निकाल आला!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, जणू बारसंच होतं.

खोली राहिली. साहेब वर जाऊन नुसतं बोलले नाहीत, भांडले म्हणे. यंत्रं हलवण्याऐवजी नव्या बॅटऱ्या आल्या, आणि पुढच्या पावसाळ्याआधी छपरावर सौर पॅनेल बसले. तेव्हापासून मंगळवारी लाईट जाते, पण आम्हाला कळतही नाही. पंखे फिरत राहतात, लेकरं जागी राहतात, आणि माणसं आपापल्या खुर्चीत. मागच्या पायऱ्यांवर आता पाला साचतो. मला वाईट वाटलं आणि मी ते ताईंना बोलून दाखवलं. "तुझं असंच मास्तर," त्या म्हणाल्या. "लाईट नसली तरी तोंड वाकडं, असली तरी तोंड वाकडं." पण त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत त्या स्वतः डबा घेऊन पायऱ्यांवर गेल्या, आणि मीही गेलो.

मग त्या निवृत्त झाल्या. आता खालापूरच्या बाजूला आपल्या गावी राहतात. भात लावतात, नातवाला रागे भरतात. त्यांच्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, मनमिळाऊ आहे, तक्रारीला जागा नाही. तरी मी अधूनमधून त्या खोलीत उगीच डोकावतो, काम नसताना.

मंगळवारी सकाळी माझा फोन वाजतो. "काय रं मास्तर, आमच्याकडं गेली लाईट. तुमच्याकडं हाय?"

"आहे, ताई."

"सगळे चालू?"

"सगळे."

"म्हातारा?"

मग मी उठतो, संगणकखोलीत जातो आणि फोन त्याच्या पंख्यांपाशी धरून उभा राहतो. नवी मुलगी माझ्याकडे बघते आणि काही विचारत नाही. पलीकडे ताई ओट्यावर बसलेल्या असणार. कोंबड्यांचा आवाज येतो. ताई मात्र गप्प असतात, बराच वेळ, आणि मला आता त्या गप्प बसण्याची भीती वाटत नाही.

"बरं, ठेव आता," शेवटी त्या म्हणतात. "माझी बॅटरी संपल."